उतरणीची चिठ्ठी

गोळी सोडणारा माणूस सांगून सोडत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहणाऱ्याला ते तारखेवरून कळतं. दर महिन्याच्या पाच तारखेला तीस गोळ्या नेणारे काका एकदा बारा तारखेला उगवतात, पुढच्या खेपेला वीसला, आणि मग दिसतच नाहीत. विचारलं की म्हणतात, "आहेत अजून घरात." तीस दिवसांच्या गोळ्या दीड महिना पुरल्या म्हणजे घरात काय चाललंय हे न सांगता समजतं. कुणी "यातलीच कमी पॉवरची आहे का?" असं विचारतं, कुणी अर्धाच पत्ता कापून मागतं. कुणी आजवर कधी न घेतलेलं उलटीचं किंवा चक्करचं औषध मागतं. ही शेवटची मागणी आली की मी कात्री खाली ठेवते आणि आधी विचारते, "रोजची एखादी गोळी बंद केलीत का?"

आमचं मेडिकल टिटवाळ्यात, स्टेशनवरून महागणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. इथे गोळी चुकण्याची कारणंही गावाची म्हणून आहेत. संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत पोटात काही नाही, म्हणून सकाळची गोळी गळते. अंगारकीला लोक पहाटेपासून रांगेत उभे असतात, तेव्हा तर दिवसभराच्याच गळतात. महिनाअखेरीला पैसे कमी पडतात. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे माणसाला बरं वाटू लागतं. बरं वाटल्यावर औषध नको वाटणं ही अगदी रास्त इच्छा आहे. त्यावरून पेशंटला रागावणारे लोक मला आवडत नाहीत. जन्मभर गोळ्या खायची हौस कुणालाच नसते.

अडचण वेगळीच आहे. चिठ्ठीवर गोळी सुरू कशी करायची ते नीट लिहिलेलं असतं: एक-शून्य-एक, जेवणानंतर, महिनाभर. पुढच्या चिठ्ठीवर तीन अक्षरं येतात, सीएसटी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, आहे तेच चालू ठेवा. त्यापुढच्या चिठ्ठीवर पुन्हा सीएसटी. गोळी संपवायची कशी, किती दिवसांनी किती कमी करायची, कमी करताना काय काय होईल, हे लिहिलेली चिठ्ठी माझ्या काउंटरवर फार क्वचित येते. ती नसते म्हणून माणसं आपापली वाट काढतात. त्या वाटांचे हे किस्से. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

टिटवाळ्याचा गणपती लग्न जुळवणारा, अशी श्रद्धा आहे. कण्व मुनींनी शकुंतलेला इथेच गणेशाची आराधना करायला सांगितली, अशी कथा. त्यामुळे लग्नाच्या मुलीला घेऊन आलेले आईवडील आमच्या दारावरून रोज जातात. त्यातल्याच एक बाई, कसाऱ्याच्या बाजूच्या. मुलीच्या फिटच्या गोळ्या त्या आमच्याकडून न्यायच्या, कारण आपल्या गावातल्या दुकानातून घेतल्या तर चर्चा होते. एकदा दुपारी गर्दी नसताना त्या आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, लग्न ठरलंय. सासरी गोळ्या दिसायला नकोत. महिनाभर आधी बंद केल्या तर चालेल ना? तीन वर्षांत एकदाही फिट आली नाही तिला."

हा प्रश्न मला नवा नव्हता. आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा, लग्नसराईच्या तोंडावर फिटच्या गोळ्यांची काही गिऱ्हाइकं अचानक गायब होतात. फिटचं औषध मेंदूतल्या पेशींची उत्तेजना दाबून धरतं. ते एकदम काढलं की दबलेलं उसळून येतं, आणि ते आधीपेक्षाही जोरात येऊ शकतं. एकामागून एक फिट येत राहिल्या आणि मधे शुद्धच आली नाही, तर जिवावर बेतावं अशी आणीबाणी होते. त्यात लग्नाच्या आठवड्यात काय काय असतं बघा. जागरण, उपास, दगदग, मनावरचा ताण. झोप तुटणं हे फिटला आमंत्रण. म्हणजे गोळी बंद करायला वर्षातला सर्वांत वाईट काळ निवडला जातो.

तरी "कधीच बंद करता येणार नाही" असं मी त्यांना म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. किमान दोन वर्षं फिट न आलेले १,०१३ रुग्ण होते. काहींचं औषध चालू ठेवलं, काहींचं हळूहळू उतरवलं. आणखी दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा औषध चालू असलेल्यांपैकी ७८ टक्के आणि उतरवलेल्यांपैकी ५९ टक्के जणांना एकही फिट आलेली नव्हती. म्हणजे उतरवून निम्म्याहून जास्त लोक ठीक राहिले, पण धोका वाढला हेही खरं. हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञाने, फिटचा प्रकार बघून, काही महिने घेऊन करायचा असतो. मांडवाची तारीख बघून तो होत नाही.

त्या माउलीला मी आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकून त्या खरोखर चकित झाल्या. हिंदू विवाह कायद्यात लग्नाला अपात्र ठरवणाऱ्या कारणांमध्ये १९७६ पासून वेडाच्या झटक्यांसोबत अपस्माराचंही नाव होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. फिट येते म्हणून लग्न रद्दबातल करता येईल, ही भीती त्यांच्या मनात कधीची बसलेली होती. कायदा बदलून किती वर्षं झाली, तरी ती भीती घराघरांत तशीच आहे. आणि तिच्यापायी गोळ्या कचऱ्याच्या डब्यात जातात.

त्या मुलीला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी गोळी चालू ठेवली, सोबत फॉलिक ॲसिड लिहून दिलं, आणि उतरवायचा विचार मूल होण्याचं ठरवायच्या आधी, सावकाश करू म्हणाले. मुलीने होणाऱ्या नवऱ्याला स्वतः फोन करून सगळं सांगितलं, असं नंतर कळलं. लग्नानंतर चिठ्ठीवरचं आडनाव बदललं होतं. गोळी तीच होती.

दुसरा किस्सा पुडीचा. आमच्या भागात गुडघेदुखीवर पुड्या विकणारे लोक आठवडी बाजारात बसतात. "जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही" असं सांगतात. पुडीवर नाव नाही, कंपनी नाही, बॅच नंबर नाही. एक आगरी आजी दोन वर्षं ती पुडी घेत होत्या. आल्या की कौतुकाने सांगायच्या, "पुडीने मी पुन्हा शेतावर जायला लागले." मला मात्र त्यांच्या चेहऱ्याची काळजी वाटायची. तो फुगून गोल झाला होता. हाताची कातडी पातळ झालेली, जरा आपटलं की काळेनिळे डाग पडायचे. साखर नव्याने वाढलेली. ही चारही लक्षणं एका ठिकाणी दिसली की आमच्या लोकांच्या मनात एकच शब्द येतो, स्टेरॉइड. जडीबुटीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडणं, ही आपल्या देशात वारंवार उघडकीला आलेली फसवणूक आहे.

पावसाळ्यात पुडीवाला यायचा बंद झाला. आठवड्याभराने आजींचा मुलगा ओआरएस आणि उलटीची गोळी घ्यायला आला. "पोट बिघडलंय, उठवत नाही, उभी केली की पडते." मी विचारलं, "पुडी बंद झालीय का?" तो म्हणाला, "हो, पण त्याचा काय संबंध?" मी त्याला सांगितलं की ओआरएसवर वेळ घालवू नकोस, आधी दवाखान्यात ने आणि रिकाम्या पुडीचा कागद सोबत घे. बीपी अगदी खाली गेलेलं होतं. डॉक्टरांनी शिरेतून सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोन दिलं, आणि संध्याकाळी आजी उठून बसल्या.

संबंध असा आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात, आणि त्यावर आपलं बीपी, साखर, आजाराशी झुंजण्याची ताकद उभी असते. शरीर रोज जेवढं बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं. बाहेरून त्याहून जास्त येत राहिलं की मेंदूकडून ग्रंथीला जाणारा हुकूम थांबतो, आणि काम नसलेली ग्रंथी आक्रसते. तीन-चार आठवड्यांच्या आत बंद केलं तर बहुधा निभावतं. महिनोन् महिने घेतलेलं एकदम थांबवलं तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही, अशी गत होते. थकवा, मळमळ, उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं. लक्षणं पोट बिघडल्यासारखी दिसतात, म्हणूनच ती फसवतात.

डॉक्टर मंडळींनाही हे किंमत मोजूनच कळलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. आणि १९५२ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक नोंद आली. कॉर्टिसोनवर असलेला एक रुग्ण ऑपरेशननंतर शॉकमध्ये जाऊन दगावला होता आणि त्याच्या ॲड्रिनल ग्रंथी आक्रसलेल्या निघाल्या होत्या. औषध चढवायची कला आधी आली. उतरवायची कला मागून आली, आणि ती अजून सगळीकडे पोचलेली नाही.

आजींना मग स्टेरॉइडचीच मोजून गोळी सुरू झाली, आणि तिची उतरण लांबली. वरचा टप्पा भराभर झाला, वीस मिलिग्रॅमवरून पंधरा, दहा. पाचच्या जवळ आल्यावर डॉक्टरांनी वेग अगदी कमी केला, कारण तिथून खाली ग्रंथीला स्वतःला जागं व्हायचं असतं. मधे सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं. चिठ्ठीच्या खाली लाल पेनाने एक ओळ होती: ताप आला तर गोळी दुप्पट, उलटी झाली तर घरी थांबू नका. ही ओळ मी मुलाकडून दोनदा वाचून घेतली. पण या काळात आजी माझ्यावरच चिडल्या होत्या. "तुमच्या औषधाने सगळं अंग ठणकतं. पुडीच बरी होती." त्यांचं चुकत नव्हतं. स्टेरॉइड उतरताना सांधे आणि स्नायू दुखतात, मन उदास होतं, आणि मूळच्या संधिवाताने डोकं वर काढलं की काय अशी शंका येते. नेमक्या याच वळणावर माणसं परत पुडीवाल्याला शोधायला निघतात. आजींना कुणीतरी आधीच "हे होणार आहे, महिना-दोन महिने राहील" असं सांगितलं होतं, म्हणून त्या टिकल्या. ग्रंथी पूर्ण जागी व्हायला वर्षही लागू शकतं.

उतरतानाचा त्रास आणि परत आलेला आजार यांची गल्लत नैराश्याच्या गोळ्यांत सर्वांत जास्त होते. ठाण्याला नोकरी करणारा एक तरुण, एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम दोन वर्षं घेत होता. छान बरा झाला, म्हणून एका सोमवारी बंद केली. गुरुवारी आला तो भिंतीला धरून. "ताई, मान वळवली की डोक्यात करंट बसतो. चक्कर येते. रात्री भयंकर स्वप्नं पडतात. काल लोकलमध्ये उगाच रडू आलं. म्हणजे माझं डिप्रेशन परत आलं ना? आता जन्मभर हेच?"

मी विचारलं, "पहिल्यांदा आजारी पडलास तेव्हा डोक्यात करंट बसायचा?" तो विचार करून म्हणाला, "नाही." हा फरक महत्त्वाचा आहे. सोडल्याचा त्रास काही दिवसांत सुरू होतो, त्यात मूळ आजारात नसलेली शारीरिक लक्षणं असतात, आणि गोळी परत सुरू केली की तो बहुधा लवकर ओसरतो. आजार परततो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, हळूहळू. अर्थात आजार खरोखर परततोही. २०२१ मध्ये ब्रिटनमधली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ४७८ रुग्ण, दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरे वाटत असलेले. वर्षभरात गोळी चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि उतरवलेल्यांपैकी ५६ टक्के जणांना नैराश्य परत आलं. म्हणून मी त्याला काहीच न ठरवता डॉक्टरांकडे पाठवलं.

या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा माणूस मार्क होरोविट्झ. मनोविकारशास्त्र शिकणारा, लंडनच्या किंग्ज कॉलेजातून नैराश्याच्या औषधांवरच पीएचडी केलेला. स्वतःची गोळी सोडायला गेला तेव्हा इतका हैराण झाला, की पुस्तकातलं काहीच कामाला येईना. मग २०१९ मध्ये त्याने डेव्हिड टेलर यांच्यासोबत लॅन्सेट सायकिअॅट्रीत लेख लिहिला. त्यातलं सायटालोप्रामचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमला मेंदूतल्या सेरोटोनिनच्या वाहकांपैकी सुमारे ८० टक्के अडवले जातात. साधारण साडेपाच मिलिग्रॅमलाही ६० टक्के अडलेले असतात. २० टक्क्यांवर यायला मात्र एका मिलिग्रॅमच्याही खाली जावं लागतं. म्हणजे वीसची दहा केली तर मेंदूला फारसं जाणवत नाही, आणि शेवटची पाचची एकदम सोडली तर सगळ्यात मोठा धक्का तिथेच बसतो. जिन्याची तळातली पायरीच सर्वांत उंच असावी तसं. आपल्याकडे नेमकी उलटी रीत आहे. अर्धी, मग पाव, मग "आता काय, पावच तर आहे, सोडून द्या."

त्या तरुणाची उतरण अनेक महिने चालली. अर्ध्या गोळीपर्यंत अडचण नव्हती. त्याच्या खाली गेल्यावर आमच्या गोळी कापायच्या डबीचाही उपयोग मर्यादित होता. गोळी भुगा होते, तुकडे सारखे पडत नाहीत. आणि ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, सीआर किंवा ईआर लिहिलंय ती तर कापायचीच नसते, कारण दिवसभर थोडं थोडं सुटणारं औषध कापल्यावर एकदम सुटतं. हे घरोघरी माहीत हवं. तसं ते नाही.

काही गोळ्या इतक्या साध्या वाटतात की त्यांनाही उतरण लागते हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ॲसिडिटीची कॅप्सूल घ्या. २००९ मध्ये डेन्मार्कमध्ये ॲसिडिटीचा कसलाही त्रास नसलेल्या निरोगी लोकांना एसोमेप्राझोल आठ आठवडे देऊन बंद केलं, तर त्यांच्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांना ॲसिडिटीचा त्रास सुरू झाला. दाबून ठेवलेलं पोट काही काळ जास्त आम्ल बनवतं. लोक म्हणतात, "बघा, गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे मला ती लागतेच." धडधडीवरची प्रोप्रॅनोलॉल एकदम थांबवली तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत कळ येऊ शकते. बीपीची क्लोनिडिन थांबवली तर बीपी आधीपेक्षा वर उडी मारतं. पुढे कधी सांगेन या गोळ्यांचंही.

झोपेच्या गोळीचं मात्र आत्ताच सांगायला हवं. अल्प्राझोलाम ही शेड्यूल एच-वनमधली. १ मार्च २०१४ पासून तिची वेगळी वही ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, गोळ्या किती, आणि ती नोंद तीन वर्षं जपायची. त्या वहीत रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं नाव दर महिन्याला असायचं. मुंबईतल्या एका डॉक्टरांची चिठ्ठी, रात्री अर्धा मिलिग्रॅम, निवृत्तीपासून सीएसटी.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. टिटवाळ्याहून कळवा, सायन, परळला ओपीडीला जाणारे सगळे अडकले. २५ मार्चला सरकारने फोनवरून औषध लिहून देण्याचे नियम जाहीर केले, त्यामुळे पुष्कळांची सोय झाली. मोबाइलवर आलेल्या चिठ्ठीवर मी बीपीच्या, शुगरच्या, नैराश्याच्या गोळ्या देऊ शकत होते. अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यातली औषधं मात्र त्यातून वगळलेली होती, आणि अल्प्राझोलाम त्यातलंच. काकांकडे सहा गोळ्या उरल्या होत्या. सून म्हणाली, "झोपेचीच तर आहे, नाही घेतली तर काय, जागे राहतील." बरीच वर्षं रोज घेतलेली ही गोळी एकदम थांबली तर नुसतं जागरण होत नाही. हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, आवाज-उजेड सहन होत नाही, माणूस बरळतो आणि फिटही येऊ शकते. मी त्यांना त्याच दिवशी कल्याणच्या, प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या डॉक्टरांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी न्यूकॅसलच्या हेदर ॲश्टन यांची पद्धत वापरली. या बाईंनी १९८२ पासून १९९४ पर्यंत याच गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला होता. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, म्हणून त्याच्या जागी टप्प्याटप्प्याने सावकाश उतरणारं डायझेपाम आणायचं आणि मग ते थोडं थोडं कमी करायचं. कल्याणच्या डॉक्टरांनी एका कागदावर तक्ता आखला: डावीकडे तारखा, उजवीकडे गोळी. खाली लिहिलं, "त्रास झाला तर आहे त्या पायरीवर थांबा. वर जाऊ नका. मला सांगा." काका गणपतीत थांबले, दिवाळीत थांबले. एकदा थंडीत भाऊ गेला तेव्हा महिनाभर थांबले. डॉक्टर दर वेळी म्हणायचे, "चालेल."

१ फेब्रुवारी २०२१ ला लोकल ठरावीक वेळांत सगळ्यांना खुल्या झाल्या. काका तोवर शेवटच्या पायरीवर होते. ते मुंबईच्या जुन्या डॉक्टरांना भेटायला गेले, खिशात तो तक्ता घेऊन. परत आल्यावर स्टेशनवरून थेट दुकानात आले. डॉक्टरांनी तक्ता पूर्ण वाचला, मोबाइलवर त्याचा फोटो काढला, आणि म्हणाले की माझ्याकडे या गोळीवर वर्षानुवर्षं असलेले पुष्कळ जण आहेत, पुढच्या सोमवारपासून एकेकाला बोलावतो.